हसू आणि संभ्रम

व्यापारचिन्हांच्या कायद्यात एक माणूस फार दिवसांपासून वावरत आहे. त्याला नाव नाही, गाव नाही, आणि कोणत्याही खटल्यात तो स्वतः साक्षीला उभा राहिलेला नाही. तरीही निकाल पुष्कळदा त्याच्याकडे पाहूनच दिला जातो. हा माणूस म्हणजे सामान्य ग्राहक. १९६२ साली 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या दोन औषधांच्या नावांचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाने या ग्राहकाचे जे वर्णन केले ते आम्ही वकील मंडळी अद्याप युक्तिवादात वापरीत असतो. त्याची बुद्धी साधारण असते आणि स्मरण अपुरे असते. दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवून तो अक्षर न् अक्षर ताडून पाहत नाही. मनात राहिलेल्या एका पुसट ठशावर विसंबून तो दुकानाची पायरी चढतो. त्या ठशाला दोन्ही नावे सारखीच लागू पडत असतील, तर त्याची फसगत होण्याचा संभव आहे असे कायदा धरून चालतो.

हे सारे नियम दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपविणाऱ्यांसाठी केलेले आहेत. आपल्याच जुन्या मालाशी आपल्याच नव्या मालाचे इतके साम्य ठेवावे की ग्राहकाला दोहोंतील भेदच उमगू नये, हा प्रकार कायद्याच्या पुस्तकांत आढळत नाही. कारण त्यात फिर्याद कोणी, कोणावर करावी? व्यवहारात मात्र तो घडला आहे, आणि त्याची किंमत एका मोठ्या कंपनीने अनेक वर्षे मोजली आहे. त्याची हकीकत येथे सांगावयाची आहे. विषय खेळण्यांचा आहे म्हणून कोणी नाक मुरडू नये. या खेळण्यांचा व्यापार अब्जावधींचा आहे, आणि त्यात जे घडले ते लोकांच्या पहिल्या प्रतिक्रियेचा अर्थ कसा लावावा या जुन्याच प्रश्नाशी निगडित आहे.

७ जून २०११ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे ई-थ्री या नावाने भरणाऱ्या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात जपानच्या निन्टेंडो कंपनीने आपल्या नव्या कन्सोलची घोषणा केली. हे यंत्र घरच्या टेलिव्हिजनला जोडावयाचे होते आणि त्याचे नाव होते 'वी यू'. कंपनीचे आधीचे यंत्र 'वी' या नावाने जगभर परिचित झालेले होते. नव्या यंत्राचे वैशिष्ट्य त्याच्या कंट्रोलरमध्ये होते. हातात धरावयाच्या त्या वस्तूच्या मधोमध ६.२ इंचांचा टचस्क्रीन बसविलेला होता, आणि दोन्ही बाजूंना नेहमीच्या कळा व अंगठ्याने सरकवावयाच्या चकत्या होत्या. खेळ टेलिव्हिजनवर चालत असतानाच हातातील पडद्यावर दुसरे काही दिसू शके; अथवा टेलिव्हिजन अजिबात बंद करून सबंध खेळ हातातल्या पडद्यावर घेता येई.

घोषणेच्या वेळी दाखविलेल्या चित्रफितीत मोठी गंमत होती. एक मुलगा टेलिव्हिजनवर मारिओचा खेळ खेळत आहे. तेवढ्यात घरातील मोठ्या माणसाला बेसबॉलचा सामना पाहावयाचा आहे. मुलगा कुरकुर न करता आपला खेळ हातातील पडद्यावर उतरवून घेतो. दुसरीकडे कोणी कंट्रोलर जमिनीवर ठेवतो, त्यावर गोल्फचा चेंडू दिसतो, आणि खेळणारा जुन्या 'वी'ची काठी हलवून तो चेंडू समोरच्या टेलिव्हिजनमध्ये टोलवतो. जुन्या 'वी'ची वजन तोलण्याची फळीही त्या चित्रफितीत होती. जे दिसले नाही, किंवा दिसूनही कोणाच्या लक्षात राहिले नाही, ते एवढेच की या सगळ्याच्या मागे एक नवी, स्वतंत्र, अधिक समर्थ पेटी आहे. सारा वेळ कंट्रोलरच पुढे होता. कोणी एखाद्याच्या लग्नात आहेराचे वर्णन तासभर करावे आणि नवरदेवाचे नाव सांगावयाचे विसरावे, तसेच काहीसे झाले.

त्या दिवशीच्या प्रतिक्रिया पुढील इतिहासाच्या प्रकाशात पाहण्यासारख्या आहेत. प्रदर्शनात स्वतः कंट्रोलर हाताळणाऱ्यांपैकी अनेकांना तो दिसतो त्यापेक्षा हलका आणि हाताला सुखाचा वाटला. निन्टेंडोच्या यंत्रावर प्रथमच सुस्पष्ट, उच्च दर्जाचे चित्र दिसणार याचा आनंद फार मोठा होता. 'झेल्डा' या प्रसिद्ध खेळाचे एक दृश्य नुसते नमुन्यादाखल दाखविले होते, त्यावर खेळगडी लुब्ध झाले. उलट बाजूने शंकांची रास पडली. अॅपलचा आयपॅड बाजारात येऊन जेमतेम वर्ष लोटले होते, त्यामुळे ही त्याची नक्कल नव्हे काय, असे कोणी विचारले. हा पडदा लहान मुलांच्या हातून फुटला तर नवा कितीला पडणार, एका पेटीला असे किती कंट्रोलर जोडता येणार, घरात चार जण असतील तर एकाच्याच हाती पडदा आणि बाकीच्यांनी काय करावे, नजर टेलिव्हिजनवर ठेवावी की हातावर, अशा शंका निघाल्या. त्या रास्त होत्या, व्यावहारिक होत्या, आणि विचार करून उत्तर देण्याजोग्या होत्या.

परंतु या सर्वांच्या तळाशी एक निराळाच प्रश्न होता, आणि तो वारंवार ऐकू आला. हे नवे यंत्र आहे, की जुन्या 'वी'ला जोडावयाचा एक नवा कंट्रोलर आहे?

ज्यांनी हा प्रश्न केला ते लोक अनभिज्ञ नव्हते. त्यांत या व्यवसायावर लिहून पोट भरणारे होते, सभागृहात प्रत्यक्ष बसलेले होते, या घोषणेची एप्रिलपासून वाट पाहणारे होते. त्यांना क्षणभर का होईना जर उलगडा झाला नाही, तर ज्या आईला मुलाच्या वाढदिवसासाठी दुकानात जाऊन पेटी विकत घ्यावयाची आहे, तिचे काय होणार? खेळ खेळतो एक आणि विकत घेतो दुसरा, ही या व्यापारातील नित्याची गोष्ट. कायद्यातला तो अपुऱ्या स्मरणाचा ग्राहक हाच. खेळगड्यांचा संभ्रम हा त्याच्या संभ्रमाचा आगाऊ पुरावा होता.

जपानच्या शेअरबाजाराने दुसऱ्याच दिवशी आपले मत दिले. निन्टेंडोचा भाव पाच टक्क्यांहून अधिक उतरला. कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी त्यानंतरच्या मुलाखतीत सांगितले की यात मोठीशी चूक झाली असे नाही, पण आधी नव्या यंत्राचे एक तरी चित्र दाखवून मग कंट्रोलरविषयी बोलावयास हवे होते. कबुली प्रामाणिक होती. मात्र तिच्यातून जे निष्पन्न व्हावयाचे ते झाले नाही. नाव होते तेच राहिले. असे का झाले, हे समजण्यासाठी कंपनीच्या पूर्वेतिहासात डोकावणे भाग आहे.

निन्टेंडोची स्थापना १८८९ साली क्योतो येथे झाली ती पत्ते करणारी कंपनी म्हणून. फुसाजिरो यामाउची या गृहस्थाने 'हानाफुदा' म्हणजे फुलांच्या चित्रांचे पत्ते करून विकावयास सुरुवात केली. या पत्त्यांच्या वंशवृक्षाची एक फांदी गोव्यापर्यंत येऊन पोचते, हे या पृष्ठांच्या वाचकांना कौतुकाचे वाटेल. जपानी भाषेत पत्त्यांना 'कारुता' म्हणतात, आणि तो शब्द पोर्तुगीज 'कार्ता'वरून आलेला आहे. १५४३ साली पोर्तुगीज जपानच्या किनाऱ्याला लागले. १५४९ साली फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून मलाक्कामार्गे कागोशिमास पोचला. पुढे गोवा, मकाव आणि नागासाकी यांच्या दरम्यान जहाजांची नियमित ये-जा सुरू झाली. त्या जहाजांवरील खलाशांच्या खिशांतून युरोपी पत्ते जपानात उतरले. आपल्याकडे सावंतवाडीस दशावतारी गंजिफेचे १२० वाटोळे पत्ते रंगवीत त्यांचा उगम इराणी परंपरेत आहे, तो प्रवाह वेगळा. पण एकाच समुद्रावर पत्त्यांचे दोन प्रवाह वाहत होते हे खरे.

जपानात या पत्त्यांवर जुगार माजला, तेव्हा सत्ताधीशांनी त्यांवर बंदी घातली. बंदी आली की कारागीर पत्त्यांची चित्रे बदलीत, आकडे लपवीत, नवाच संच बाजारात आणीत. तो ओळखला जाऊन त्यावर बंदी आली की आणखी तिसरा. हानाफुदा हे त्याच लपंडावाचे फलित. म्हणजे या धंद्याच्या पूर्वजांनी, जुने तेच असूनही नवे भासावे, यासाठी पिढ्यान् पिढ्या बुद्धी खर्च केली. वंशजांच्या हातून नेमके उलटे घडावे, म्हणजे वस्तू नवी असून जुनीच भासावी, हा योगायोग मौजेचा आहे.

विसाव्या शतकात कंपनी पत्त्यांवरून खेळण्यांकडे आणि खेळण्यांवरून इलेक्ट्रॉनिक यंत्रांकडे वळली. १९८३ साली जपानात तिचे 'फॅमिकॉम' निघाले. १९९०च्या दशकात आपल्या शहरांतून जे स्वस्त 'टीव्ही गेम' मिळत, एका कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याची ज्यांवर जाहिरात असे, ती यंत्रे बहुतांशी या फॅमिकॉमच्याच नकला होत्या. आज चाळिशीत असलेल्या पुष्कळ मराठी गृहस्थांनी मारिओशी पहिली ओळख त्या नकलांवरच करून घेतली. मूळ कंपनीचे नावही त्यांना ठाऊक नव्हते. असो.

आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे ते २००४ ते २००६ या तीन वर्षांत. २००२ साली इवाता अध्यक्ष झाले. ते मूळचे प्रोग्रॅमर, साप्पोरोचे, पदाने अध्यक्ष असलो तरी अंतःकरणाने मी खेळगडीच आहे, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी २००५ मध्ये अमेरिकेतील एका परिषदेत काढले होते, आणि त्यात अभिनिवेश नव्हता. त्यांच्या कारकिर्दीत २००४ साली 'डीएस' हे हातातले यंत्र निघाले. त्याला दोन पडदे होते आणि खालचा टचस्क्रीन होता. दोन पडदे कशासाठी, असे जाणत्यांनी विचारले. सोनीचे अधिक देखणे यंत्र येत होते, त्यापुढे हे विचित्र चोपडीसारखे दिसणारे यंत्र टिकणार नाही, असे भाकीत अनेकांनी केले. ते यंत्र १५ कोटी ४० लाखांवर खपले. जपानातील वृद्ध मंडळी त्यावर बुद्धीच्या कसरती करू लागली.

पुढे सप्टेंबर २००५ मध्ये तोक्योजवळ 'वी'चा कंट्रोलर दाखविण्यात आला. तो टेलिव्हिजनच्या रिमोटसारखा होता. २७ एप्रिल २००६ रोजी यंत्राचे 'वी' हे नाव जाहीर झाले, तेव्हा इंग्रजी बोलणाऱ्या जगात हसण्याचा गदारोळ उडाला; कारण त्या भाषेत लहान मुलांच्या लघुशंकेला तसाच शब्द आहे. विनोदांना ऊत आला. नाव बदला, असे कंपनीला कळकळीने सुचविणारेही निघाले. कंपनीने नाव बदलले नाही. पुढील महिन्यात लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात दारे उघडताच माणसे त्या यंत्राच्या दालनाकडे धावत सुटली आणि तासन् तास रांगेत उभी राहिली. 'वी' दहा कोटींहून अधिक खपले. वृद्धाश्रमांत आजीआजोबा त्यावर बोलिंग खेळू लागले, आणि नावाचे हसू केव्हा विरले हे कोणाला कळलेही नाही.

दोनदा लोक हसले, आणि दोनदा लोकांना खोटे पाडून कंपनी खरी ठरली. अशा अनुभवानंतर माणसाला उपहास हा शुभशकुन वाटू लागला तर नवल नाही. कंपनीच्या बंद दाराआड काय विचार झाला याचा पुरावा माझ्यापाशी नाही. परंतु परिस्थितिजन्य पुराव्यावरून माझा निष्कर्ष असा की, २०११ सालच्या कुरकुरीला २००६ सालच्या हसण्याच्याच जमाखर्चात टाकण्यात आले. आणि येथेच घात झाला. कारण त्या दोन गोष्टी मुळात एक नव्हत्या.

'वी'ला हसणाऱ्या माणसाला 'वी' काय आहे ते समजलेले होते. समजले होते म्हणूनच तो हसत होता. काठी हातात धरून हात फिरविला की पडद्यावरील रॅकेट फिरते. ही गोष्ट एका चित्रात सांगून होत असे आणि निरक्षर माणसालाही ती कळे. त्याला ती पोरकट वाटली हा त्याच्या अभिरुचीचा प्रश्न. अभिरुची अनुभवाने पालटते. 'वी यू'च्या बाबतीत माणूस अडला तो अभिरुचीपाशी पोचण्याच्या आधी. कोर्टात साक्षीदार 'हे मला मान्य नाही' म्हणतो तेव्हा उलटतपासणीला जागा असते. 'प्रश्न मला समजला नाही' असे तो म्हणतो तेव्हा उलटतपासणी निरर्थक ठरते. प्रश्नच नव्याने विचारावा लागतो. उत्तम वकीलसुद्धा या दोन उत्तरांत गल्लत करतो, आणि विशेषतः आधीचे दोन साक्षीदार उलटतपासणीत कोसळलेले असले म्हणजे तर हमखास करतो.

नाव ठेवताना कंपनीचा हेतू काव्यमय होता. 'वी' म्हणजे इंग्रजीत 'आम्ही सर्व' असा ध्वनी. त्याला 'यू' म्हणजे 'तू' जोडला. सर्वांसाठी असलेले यंत्र आता प्रत्येकासाठीही, असा अर्थ. अर्थ सुरेख आहे. पण दुकानाच्या फळीवर अर्थ दिसत नाही, अक्षरे दिसतात. पांढरी 'वी', पांढरी 'वी यू'. सारखी अक्षरे, शेजारी एक अधिक अक्षर. जुन्या कंट्रोलरांचा नव्या यंत्राशी मेळ. त्यातून ग्राहकाने काय काढावे? एखाद्या मोटारीच्या नावापुढे एखादे अक्षर वाढले तर आपण काय समजतो? काच वर-खाली करण्याची सोय निराळी असेल, एवढेच.

खेळगड्यांचे म्हणणे कंपनीने अजिबात ऐकले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अंगठ्याने सरकवावयाच्या चपट्या चकत्यांबद्दल तक्रार होती. जून २०१२ मध्ये त्या काढून त्यांच्या जागी नेहमीच्या उभ्या, दाबता येणाऱ्या दांड्या बसविल्या. दोन कंट्रोलर जोडता येतील अशी घोषणाही त्याच वर्षी झाली, परंतु तिचा उपयोग करणारा खेळ पुढे निघाला नाही. लहान दुरुस्ती झाली, कारण लहान तक्रार यंत्राच्या कारखान्यापर्यंत पोचते आणि तेथे तिला उत्तर देणारा कारागीर असतो. 'हे काय आहे तेच कळले नाही' ही तक्रार कोणत्या खात्याकडे पाठवावी हे कोणत्याही कंपनीत ठरलेले नसते.

१८ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकेत यंत्र विक्रीस आले. साध्या संचाची किंमत ३०० डॉलर आणि मोठ्याची ३५० डॉलर. आरंभीची गर्दी ओसरली आणि २०१३ उजाडताच विक्री मंदावली. त्या वर्षी इवातांनी भागधारकांपुढे स्पष्ट सांगितले की काही ग्राहक 'वी यू'ला खेळाची पाटी जोडलेले 'वी'च समजतात, आणि काहींच्या मते ही पाटी जुन्या 'वी'ला जोडावयाची उपवस्तू आहे. लोकांना समजावून देण्यात आपण उणे पडलो. जून २०११ मध्ये सभागृहातून बाहेर पडणाऱ्यांनी जे विचारले होते, तेच शब्द दोन वर्षांनी अध्यक्षांच्या तोंडी आले. दरम्यान २०११ च्या घोषणेच्या वेळी व्यासपीठावर येऊन अभूतपूर्व सहकार्याची ग्वाही देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या मोठ्या कंपनीने मे २०१३ मध्ये 'वी यू'साठी आपला कोणताही खेळ तयार होत नसल्याचे सांगून टाकले.

केवळ नावानेच यंत्र बुडाले, असा दावा मी करणार नाही. एका कारणावर सारा खटला उभारणारा वकील शहाणा नव्हे. कंपनीचे स्वतःचे खेळ उशिरा आले, मधले महिने रिकामे गेले. नोव्हेंबर २०१३ मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्ट यांची कितीतरी बलाढ्य यंत्रे बाजारात उतरली. पडद्याच्या कंट्रोलरची बॅटरी तीन ते पाच तासांत संपे, आणि पेटीपासून दूर नेले की पडदा आंधळा होई. परंतु ही सारी कारणे ग्राहक दुकानात शिरल्यानंतरची आहेत. पहिल्या वर्षी जो ग्राहक दुकानात शिरलाच नाही, कारण 'आमच्याकडे वी आहे' अशी त्याची समजूत होती, त्याच्या बाबतीत पुढचे काहीच लागू पडत नाही.

त्याच २०१३ सालातले दुसरे एक उदाहरण तुलनेसाठी घेण्याजोगे आहे. मायक्रोसॉफ्टने २१ मे रोजी 'एक्सबॉक्स वन'ची घोषणा केली. खेळाची तबकडी विकत घेतली तरी ती दुसऱ्याला विकण्यावर बंधने राहणार आणि यंत्राला ठरावीक काळाने इंटरनेटशी संपर्क साधावा लागणार, अशा त्याच्या अटी होत्या. खेळगडी संतापले. विकत घेतलेली वस्तू माझी की तुमची, हा मालमत्तेच्या कायद्यातला मूळ प्रश्न त्यांनी वकिलाच्या मदतीवाचून नेमका मांडला. १९ जून रोजी, म्हणजे महिनाही पुरता न होता, कंपनीने त्या अटी मागे घेतल्या. संताप ऐकू येतो, उपहासही ऐकू येतो. संभ्रमाला आवाज नसतो. गोंधळलेला माणूस खांदे उडवून निघून जातो, आणि त्याचे जाणे विक्रीच्या आकड्यांतच तेवढे कालांतराने दिसते.

ते आकडे जानेवारी २०१४ मध्ये दिसले. चालू आर्थिक वर्षात ९० लाख यंत्रे खपतील हा अंदाज कंपनीने २८ लाखांवर आणला. लागोपाठ तिसऱ्या वर्षी व्यवसायात तोटा आला. त्याआधी २०१२ पर्यंत कंपनीला असा तोटा ठाऊक नव्हता. इवातांनी स्वतःचा पगार पाच महिन्यांसाठी निम्म्यावर आणला आणि अन्य संचालकांनीही आपापल्या पगारात कपात स्वीकारली. २०११ साली 'थ्रीडीएस' या यंत्राची किंमत काही महिन्यांतच २५,००० येनांवरून १५,००० येनांवर आणावी लागली तेव्हाही त्यांनी असेच केले होते. नोकरकपात करून ताळेबंद सुधारण्यास मात्र ते तयार नव्हते. डोक्यावर टांगती तलवार असलेल्या माणसांकडून लोकांना आनंद देणारे खेळ निर्माण होणार नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. नावाविषयी त्यांच्या निर्णयावर वर टीका केली आहे, म्हणून हेही नोंदविणे मला कर्तव्य वाटते. ११ जुलै २०१५ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, ते कालवश झाले.

मग त्या पडद्याच्या कल्पनेत काहीच तथ्य नव्हते काय? होते, आणि ती एका रात्रीत सुचलेलीही नव्हती. २००३ साली याच कंपनीने पॅकमनच्या एका खेळात असा प्रयोग केला होता की एका खेळगड्याच्या हातातील छोट्या पडद्यावर सबंध चक्रव्यूह दिसावा, आणि त्याचा पाठलाग करणाऱ्या तिघांना टेलिव्हिजनवर आपापल्यापुरताच भाग दिसावा. 'वी यू'बरोबर निघालेल्या 'निन्टेंडो लँड'मध्ये एक जण पडदा घेऊन भूत होतो. टेलिव्हिजनकडे पाहणाऱ्या बाकीच्यांना ते भूत दिसत नाही, फक्त हातातील कंट्रोलर थरथरला की ते जवळ आले असे समजावयाचे. ज्या घरात पाच माणसे एकत्र बसून हा खेळ खेळली तेथे हसून हसून पुरेवाट झाली असेल यात मला शंका नाही. पण ही गंमत चित्रात दाखविता येत नाही, शब्दांत सांगता येत नाही. कोणाला काय दिसते आहे याचे वर्णन करता करताच सांगणारा थकतो. 'वी'ला एक चित्र पुरत होते, 'वी यू'ला एक संध्याकाळ लागत होती, आणि घोषणेला मिळतो तो काही मिनिटांचा वेळ. २०१५ मध्ये 'सुपर मारिओ मेकर' आले, ज्यात पडद्यावर लेखणीने मारिओचे मैदान आपणच आखावयाचे होते. त्या वेळी टचस्क्रीन कशासाठी, या प्रश्नाचे चोख उत्तर मिळाले. परंतु फिर्याद निकाली निघाल्यानंतर सापडलेल्या दस्तऐवजासारखी त्याची अवस्था होती.

जानेवारी २०१७ मध्ये 'वी यू'चे उत्पादन थांबले. एकंदर विक्री १ कोटी ३५ लाखांच्या आसपास राहिली. ३ मार्च २०१७ रोजी 'स्विच' बाजारात आले. त्याचाही टचस्क्रीन ६.२ इंचांचाच होता. फरक एवढाच की आता पेटीच पडद्याच्या पाठीशी गेली होती. पडदा खोबणीत ठेवला की खेळ टेलिव्हिजनवर, उचलला की हातात, आणि घराबाहेर नेला तरी चालू. २०११ च्या चित्रफितीतला तो मुलगा आता बेसबॉलचा सामना लागला तर खेळ घेऊन अंगणात जाऊ शकत होता. २० ऑक्टोबर २०१६ च्या पहिल्या चित्रफितीतच हे सारे कळून चुकले होते. नावातही कृती होती. 'मारिओ कार्ट ८' हा खेळ 'वी यू'वर सुमारे ८५ लाख खपला होता. तोच थोडी भर घालून 'स्विच'वर आणला तो सहा कोटींच्या पुढे गेला. रस्ते तेच, गाड्या त्याच, चालविणारेही तेच. 'स्विच' स्वतः १५ कोटींहून अधिक खपले.

८ एप्रिल २०२४ रोजी 'वी यू'वर इंटरनेटमार्फत खेळण्याची सोय कंपनीने बंद केली. पुढील वर्षाच्या आरंभी 'स्विच'च्या उत्तराधिकाऱ्याची घोषणा झाली. या वेळी नावात काव्य नव्हते, सर्वनाम नव्हते. जुन्या नावापुढे एक ठसठशीत आकडा मांडला होता, 'स्विच २'. २ एप्रिल २०२५ रोजी त्याची किंमत ४५० डॉलर असल्याचे जाहीर झाले आणि खेळगड्यांनी एकच ओरड केली. किंमत उतरवा, खेळांच्या किमती उतरवा, हे आम्हांला परवडत नाही. हे यंत्र आहे तरी काय, असे मात्र कोणी विचारले नाही.